चमचाभर मध

कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं कढया हलवलेल्या माणसाची सून व्हीगन निघाली. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. सासरे तिला 'आमची शेळी' म्हणायचे. ती हसायची आणि आपली वाटी घेऊन खिडकीपाशी एकटीच जेवायची. दोन वर्षं ती वाटी वेगळीच राहिली, आणि अलीकडे ते म्हाताऱ्याला टोचू लागलं होतं.

"आज तुझं सॅलड मी करणार," रविवारी त्यांनी जाहीर केलं.

"बाबा, त्यात शिजवायचं काही नसतं."

"म्हणूनच अवघड. तू बाहेर बस."

पालक नि लेट्यूस गार पाण्यात पोहून टवटवीत झाले. मग त्यांनी पानं सुती फडक्यात बांधली आणि गॅलरीत उभं राहून गोफणीसारखी गरगर फिरवली. थेंब उडाले, थेंबाथेंबात ऊन हसलं. पानं हातानं तोडली, सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळलं, डाळिंबाचे दाणे सोडले. संत्रं मात्र आंबट निघालं. त्याचा रस, तेल, मिरपूड घोटून चाखलं, तोंड वाकडं झालं आणि हात आपसूक वरच्या फळीवर गेला. कँटीनमध्ये आंबटावर उतारा एकच, चमचाभर मध.

घोटून झाल्यावर बाटलीकडे लक्ष गेलं. सुनेला मध चालत नाही, हे तेव्हा आठवलं. पुन्हा घोटायला लिंबू होतं, वेळ होता. पण चव अशी काही जमून आली होती, की ओतून द्यायला जीव होईना.

"एवढ्याशानं काय होतंय," ते पुटपुटले आणि सगळं पानांवर ओतलं.

सून खिडकीपाशी गेलीच नाही. टेबलाशी, त्यांच्या शेजारी बसली. दोनदा वाढून घेतलं.

"बाबा, बाहेर खाताना मी दहा प्रश्न विचारते. लोक वैतागतात. आज एकही विचारला नाही." तिनं वही ओढली. "सांगा, लिहून घेते."

त्यांनी सांगितलं. गार पाणी, फडकं, लिंबू. आवाज शब्दाशब्दानं बारीक होत गेला.

"आणि हा गोडवा?"

खजूर म्हणावं. ओठांवर आलंही होतं. पण ती पेन धरून बघत होती, शाळेतल्या पोरीसारखी.

"मध," ते म्हणाले. "सवयीनं पडला."

तिनं तोंडातला घास कसाबसा गिळला. "कधी कळलं तुम्हाला?"

"वाढायच्या आधी."

"मग टाकून का नाही दिलंत?"

"चांगलं झालं होतं गं." कान तापले होते. मान वर होईना. "माझा तोरा आडवा आला."

तिनं वही मिटली. भांड्याला टेकलेला तिचा हात मागे गेला.

ते उठले. बाजूला उरलेली कोरी पानं त्यांनी धुतली, फडक्यात बांधली. या वेळी ती गरगर फिरवली नाहीत, नुसती झटकली. मग तेल, मीठ, मिरपूड, सगळं ओट्यावर मांडून त्यांनी हाक मारली.

"ये. उभी राहून बघ."

ती आली. दारातच थांबली.

"या डब्यात काय आहे?"

"मीठ."

"नुसतं मीठ?"

एकतीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं.

"नुसतं मीठ," ते खाली बघत म्हणाले. "पुढचं विचार."