वरच्या खणातले कार्ड

छोट्या मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती दोन खणांची एक जुनी लाकडी पेटी. पेटीला कसली आली काळजी, असे तुमच्यापैकी कोणीतरी म्हणणारच. त्या म्हणण्याला माझा आदरपूर्वक विरोध आहे. ज्याचे पोट रिकामे त्याला चिंता फार तर भुकेची. माझ्या पोटात माणसांची नावे आहेत, आणि गेले सव्वीस दिवस त्यांतल्या एका नावाने मला स्वस्थ बसू दिलेले नाही. पेटीला बसण्याखेरीज दुसरे काम नसते, हे ध्यानात घ्या, म्हणजे माझ्या अवस्थेची कल्पना येईल.

मला घडवले ते एका ग्रंथालयासाठी. माझा सुतार अबोल होता. खण लावून झाल्यावर त्याने त्यांच्या कडांना मेणबत्ती घासली आणि मला एका बोटाने उघडून पाहिले. खण आवाज न करता बाहेर आला, तेव्हा तो स्वतःशीच "जमलं" म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली प्रशंसा. पुढे कितीतरी वर्षे पुस्तकांची कार्डे मी सांभाळली. ग्रंथपाल पाहुण्यांना मला दाखवत आणि म्हणत, "आमच्याकडे कार्ड हरवत नाही." मग संगणक आला. एका सकाळी माझी कार्डे गोणीत भरली गेली आणि मी कोठीत, रंगाच्या डब्यांशेजारी. अकरा वर्षे मला कोणी उघडले नाही. अपमान सोसवतो, मित्रांनो. निरुपयोगीपणा सोसवत नाही. ही गोष्ट मला पुढे ज्या माणसांची कार्डे सांभाळायची होती, त्यांच्याइतकी कोणाला कळली नसेल.

त्या कोठीतून मला काकांनी ग्रंथालयाकडून मागून आणले.

काका आणि काकू हे वयोवृद्ध मिशनरी जोडपे. त्यांच्या चर्चने त्यांना अठरा महिन्यांसाठी या शहरात पाठवले होते, आणि काम दिले होते एकच : ज्यांना नोकरी नाही त्यांना ती शोधायला मदत करणे. वेतन नाही, राहण्याजेवण्याची सोय स्वतःची स्वतः. चर्चच्या मागच्या बाजूची जिन्यावरची एक खोली, दोन टेबले, एक टेलिफोन आणि मी, एवढा आमचा संसार. काका निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात चाळीस वर्षे त्यांनी इतरांच्या चुका काढल्या होत्या आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. काकू रुग्णालयात परिचारिका होत्या. "सोमवारी उठून चालायला लागाल," असे त्या रुग्णांना सांगत, आणि काकूंचा शब्द पडू नये म्हणून की काय, पुष्कळसे रुग्ण सोमवारी चालूही लागत.

काकांनी माझ्या खणांवर दोन पट्ट्या चिकटवल्या. खाली 'शोध चालू', वर 'काम लागले'. त्यावरून पहिल्याच दिवशी वाद झाला.

"'शोध चालू' काय? 'लवकरच लागेल' लिहा की. वाचणाऱ्याला जरा बरं वाटेल."

"लवकर म्हणजे कधी? तारीख दे, तारीख लिहितो."

"तुम्ही छापखान्यातच शोभत होता."

"आणि तू मला तिथंच सोडायला हवं होतंस. अगं, कार्ड म्हणजे दाखला. दाखल्यात आशा लिहीत नाहीत."

पट्टी काकांची राहिली. नियम मात्र काकूंनी घातला. ज्याला काम लागेल त्याने स्वतः यावे आणि आपले कार्ड स्वतःच्या हाताने खालच्या खणातून वरच्या खणात ठेवावे. मित्रांनो, तो क्षण तुम्ही पाहायला हवा होता! एका शिपायाने कार्ड ठेवून खण बंद केला, पुन्हा उघडला, कार्ड आहे ना ते पाहिले, आणि पुन्हा बंद केला. असे त्याने चार वेळा केले. काका म्हणाले, "अहो, ते पळून नाही जाणार." शिपाई म्हणाला, "मागची नोकरीही पळणार नाही असंच वाटलं होतं."

आता मुख्य गोष्ट.

लिफ्ट दुरुस्त करणारा एक कारागीर आमच्याकडे येत असे. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. त्याची कंपनी बंद पडून दहा महिने झाले होते. आल्याआल्या तो थट्टा करी : "काकू, आयुष्यभर लोकांना वर पोचवलं, स्वतः मात्र तळमजल्यावर." पण अलीकडे थट्टा झाल्यावर तो हसत नसे. काकू त्याच्याकडून मुलाखतीचा सराव करून घेत. स्वतः मालक होऊन खुर्चीत बसत आणि कठोर चेहरा करण्याचा निष्फळ प्रयत्न करत. एका मंगळवारी तो खरी मुलाखत देऊन आला. मोठे रुग्णालय होते, सहा लिफ्ट होत्या, आणि दोघांपैकी एकाला घेणार होते.

"गुरुवारी इथल्या नंबरवर कळवतो म्हणाले." हाताची बोटे एकमेकांत गुंतवून तो पुढे म्हणाला, "सोमवारपर्यंत नाही जमलं तर बायको आणि मुलगी मेव्हण्याकडे. मी मिळेल त्या गावाला. तिनं बोचकं बांधायला घेतलंय."

तो गेला. काका पोस्टात गेले होते. काकूंनी हात जोडले, पुष्कळ वेळ डोळे मिटून बसल्या. मग उठल्या, त्यांनी माझा खालचा खण उघडला, लिफ्टवाल्याचे कार्ड काढले आणि वरच्या खणात ठेवले. "श्रद्धा ठेवायची तर पुरती ठेवावी," असे त्या हळूच म्हणाल्या. काकांना त्यांनी सांगितले नाही. सांगितले असते तर वाद झाला असता, आणि त्या दिवशी त्यांच्यात वादाचे बळ नव्हते.

काकूंच्या हेतूत खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तरीही तेव्हापासून माझ्या पोटात एक असत्य होते. ते दोन दिवस मला जड गेले. लाकडाला वाचा नाही, याचे दुःख मला कोठीतल्या अकरा वर्षांत झाले नाही एवढे त्या दोन दिवसांत झाले.

गुरुवारी काकू एका शिवणकाम करणाऱ्या बाईला तिच्या नव्या कारखान्यात पोचवायला गेल्या होत्या. साडेबाराला फोन वाजला. रुग्णालयाच्या देखभाल विभागाचे प्रमुख बोलत होते. लिफ्टवाल्याने चारच्या आत प्रमाणपत्रे घेऊन यावे, नाहीतर नेमणुकीचे पत्र दुसऱ्या उमेदवाराला जाईल. काकांनी "एक मिनिट" म्हटले आणि खालचा खण उघडला. कार्ड नव्हते. वरचा उघडला. कार्ड होते. मी माझे सारे बळ एकवटून तो खण अडकवू पाहिला. पण सुताराने काम चोख केले होते, खण एका बोटाने बाहेर आला.

"त्यांना काम लागलेलं आहे," काका आनंदाने म्हणाले. "दुसऱ्याला द्या तुम्ही. आभारी आहे."

काकू दोनला परतल्या. "फोन आला होता का?"

"आला होता. लिफ्टवाल्याला दुसरीकडे लागलंसुद्धा, आणि तू बोलली नाहीस! मी सांगून टाकलं त्यांना."

काकू पिशवीसकट खुर्चीत बसल्या. "त्याला काम लागलेलं नाही हो."

"कार्ड वरच्या खणात आहे."

"मी ठेवलं."

भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीची मला चीड आली. काका रागावतील असे मला वाटले. ते रागावले नाहीत. त्यांनी टोपी घेतली आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मूळ प्रत पाहिल्याशिवाय मी एक अक्षर पुढे जाऊ दिलं नाही. इथं मूळ प्रत म्हणजे तो माणूस होता, आणि मी कार्डाला विचारलं. अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. तू फोन लावत राहा, मी चालत निघतो."

रुग्णालयाचा फोन लागेना. एकदा लागला तर कोणीतरी "थांबा" म्हणून थांबवले आणि विसरले. कार्डावर लिफ्टवाल्याच्या घराखालच्या लाँड्रीचा नंबर होता. लाँड्रीवाला म्हणाला, "तो सकाळीच बाहेर पडलाय, बाई. आला की पाठवतो." अडीच वाजले. पावणेतीन वाजले. काकूंचे बोट नंबर फिरवून लाल झाले होते.

तीनला दार उघडले आणि लिफ्टवालाच आत आला. निरोप मिळाला नव्हता. उत्तर विचारायला आला होता.

"आज गुरुवार, काकू."

काकूंनी सगळे सांगितले. एक शब्दही मऊ केला नाही.  तो माझ्याकडे आला, वरचा खण उघडून आपले कार्ड पाहिले आणि विचित्र हसला.

"म्हणजे मला काम लागलं होतं आणि मलाच पत्ता नव्हता."

"माझं चुकलं, बाळा."

"काकू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज प्रथमच चढला, "तुमची श्रद्धा तुमच्या घरादारावर ठेवा. माझ्या नका ठेवू."

काकूंनी मान खाली घातली.  "पळ," एवढेच त्या म्हणाल्या. "काका तिकडेच गेलेत. चारच्या आत पोच." प्रमाणपत्रांची पिशवी छातीशी धरून तो पळाला.

पुढचे सव्वादोन तास मी सांगू शकत नाही. पेटीला जिना उतरता येत नाही.

सव्वापाचला दोघे बरोबर आले. काकांची टोपी हातात होती. लिफ्टवाला बोलला :

"पत्र तीनलाच गेलं होतं. काकांनी त्या साहेबांपुढे उभं राहून सगळं कबूल केलं. साहेब म्हणाले, आता त्या माणसाच्या हातात पत्र आहे, त्यालाही घर आहे. तर काका म्हणाले, ते परत घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. मला वाटलं, झालं, संपलं! काका, खरं सांगतो, तेव्हा तुमचा गळा धरावासा वाटला."

"मला दिसलं ते," काका म्हणाले. "तरी मुद्दा बरोबरच होता."

"मग साहेबांनी माझी प्रमाणपत्रं चाळली. त्यांचा एक जण शस्त्रक्रियेमुळे महिनाभर रजेवर आहे. त्याच्या जागी बदलीवर ये म्हणाले. महिन्यानंतरचं आज बोलत नाही म्हणाले."

"आणि बोचकं?" काकूंनी विचारले.

"बांधलेलंच आहे. सोडू नको म्हटलं तिला."

मग प्रश्न आला कार्डाचा. महिन्याभराच्या बदलीला 'काम लागले' म्हणायचे की 'शोध चालू'? काकांनी दोन्ही पट्ट्यांवर आळीपाळीने बोट ठेवले आणि त्यांच्यातल्या मुद्रितशोधकाला दोन्ही शब्द चुकीचे वाटले. काकूंनी कार्ड उचलले, लिफ्टवाल्याकडे पाहिले आणि विचारले, "कुठं ठेवू?" तो म्हणाला, "वरती, पण आत नको." म्हणून ते माझ्या डोक्यावर ठेवले गेले, एका काचेच्या तुकड्याखाली.

आज त्या गोष्टीला सव्विसावा दिवस. काका-काकूंची मुदत गेल्या रविवारी संपली. त्यांच्या मुलीने तिकडे, त्यांच्या गावी, खोली झाडून ठेवली आहे, रोज पत्र पाठवते. तरी दोघे सकाळी नऊला येतात. काकू काच पुसतात, कार्डाला हात लावत नाहीत. फोन वाजला की काका आधी नाव विचारतात, मग म्हणतात, "मी त्यांना स्वतःला विचारून कळवतो." काल लिफ्टवाला आला होता. रजेवरचा माणूस काठी टेकत फिरू लागला आहे म्हणाला. ही बातमी चांगली की वाईट, हे तिघांपैकी कोणालाच ठरवता आले नाही. त्या माणसाच्या बरे होण्यासाठी काकूंनी तरीही प्रार्थना केली.

शेवट मला ठाऊक नाही, मित्रांनो, आणि ठाऊक असल्याचे सोंग मी करणार नाही. तसले सोंग मी दोन दिवस पोटात बाळगले आहे. ते पुरे झाले. माझे मागणे लहान आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, टेबलामागे बसाल, तुमच्या हाती कार्डे येतील, अर्ज येतील, याद्या येतील. त्यांची काळजी घ्या, त्यांना धूळ लागू देऊ नका. पण एखादे नाव एका खणातून दुसऱ्या खणात हलवावेसे वाटले, रागाने वाटो की मायेने, तर आधी थोडे थांबा. ते नाव ज्याचे आहे तो माणूस कुठेतरी जिवंत आहे, रस्त्याने चालतो आहे, त्याला शोधून काढता येते. त्याला जाऊन विचारा.