आबांच्या खुर्चीची कुरकुर

मिस्त्रींच्या हातची स्प्रिंग कधी बोलत नसे. निदान ते स्वतः तरी असंच सांगायचे, तेही कुणी न विचारता. त्यांनी दुरुस्त केलेल्या एका सोफ्यात म्हणे मांजर व्यालं, तर घरच्यांना ते पिल्लं चालायला लागल्यावर कळलं.

अशा थोर माणसाला आबांनी बोलावलं. आबांची खुर्ची त्यांच्या वडिलांच्या वेळची. गादीखालची एक स्प्रिंग कधीचीच तुटलेली, तिचं टोक शेजारणीला घासायचं. आबा जरा हलले की 'कुंईऽऽ' थेट स्वयंपाकघरापर्यंत. आता ते टोक टोचायलाही लागलं होतं.

"टोचणं बंद, आवाजही बंद," आबांनी फर्मावलं आणि आंघोळीला गेले.

मिस्त्रींनी खुर्ची उलटी करून तळाचं कापड उसवलं, तोच सूनबाई चहा घेऊन आल्या. सोबत बिस्किटं. म्हणजे काहीतरी काम असणार.

"मिस्त्रीमामा, आवाज तेवढा राहू द्या हो."

"का बरं?"

"तो वाजला की कळतं, आबा उठले. मग ह्यांची सिगरेट विझते, माझा आईशी फोन संपतो. अख्खं घर त्या आवाजावर चाललंय!"

"बाई, आवाजच ठेवायचा तर कुणाही उपटसुंभाला बोलवा. माझ्या हातून ते पाप व्हायचं नाही."

बिस्किटं मात्र त्यांनी संपवली. तत्त्वाचा आणि बिस्किटांचा काय संबंध?

मग जाड तार वळून त्यांनी नवी स्प्रिंग केली, खालच्या पट्ट्यांना शिवली, सगळ्या स्प्रिंगा दाबून सुतळीने एकमेकींना जखडल्या. आबा बसले, उठले, पुन्हा बसले. खुर्ची मुकी! मिस्त्री घरी गेले ते जमिनीच्या वीतभर वरून.

दुसऱ्या दिवशी आबा दुकानात हजर. चेहरा पडलेला.

"मिस्त्री, आवाज परत घाला."

"आँ?"

"म्हटलं, माझ्यामागे काय चालतं ते एकदा बघू तरी. बघितलं. बास झालं. सून फोनवर माझी नक्कल करत होती. हुबेहूब करते हो! चिरंजीव खिडकीत धूर काढत होते. आता ओरडत बसलो तर घरात कुणी बोलणार नाही, आणि गप्प बसलो तर माझा वचक काय राहिला?"

मिस्त्रींनी खुर्ची दुकानात आणवली. सुतळ्या सैल केल्या, तार वाकवली, ठोकली, शिव्यासुद्धा घातल्या. खुर्ची हूं की चूं करेना. आयुष्यभर मिरवलेली कला अशी अंगाशी आली. मिस्त्रींना साधी कुरकुर जमेना, हे गावभर झालं असतं तर तोंड कुठे लपवायचं?

शेवटी त्यांना आपल्याच घरातली खुर्ची आठवली. ती वर्षानुवर्षं बोंबलत होती, कारण जगाच्या खुर्च्या दुरुस्त करताना घरच्या खुर्चीला सवड कुणाला? तिच्यातली स्प्रिंगांची भांडकुदळ जोडी काढून त्यांनी आबांच्या खुर्चीत बसवली, आबांची मुकी जोडी घरी लावली. खुर्ची आबांच्या घरी पोचवली. आबा बसले, हलले. 'कुंईऽऽ!' आतून फोन ठेवल्याचा आवाज आला. आबांचा चेहरा खुलला.

संध्याकाळी मिस्त्री आपल्या खुर्चीतून पाणी प्यायला उठले. आवाज नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले, तर बायको शेजारणीला सांगत होती, "आमच्या ह्यांची स्प्रिंग म्हणे बोलत नाही. हो, बाई! तिला बोलायला हे वेळ कुठे देतात?"

मिस्त्री चोरपावलांनी परत फिरले, खुर्चीत बसले, आणि घसा ताणून मोठ्याने खोकले.