आभाराच्या चार ओळी

केलेले उपकार विसरणाऱ्याला जग कृतघ्न म्हणते. पण उपकार ज्याच्या कधी ध्यानातच आला नाही, त्याला काय म्हणावे, हे सारा जन्म शब्द जमवूनही कोशकारांना ठाऊक नव्हते.

त्या सकाळी ते छापखान्यात बसून कोशाची शेवटची मुद्रिते तपासत होते. जर्मन कुळातील 'थँक' या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती त्यांनीच पूर्वी लिहिली होती: विचार आणि आभार ही एकाच मुळाची दोन पाने; आभाराचा आद्य अर्थ, नुसते मनात धरणे. बोट त्या ओळीवर अडले. सोबतची मूळ चिठ्ठी वहिनींच्या अक्षरात होती. सगळ्याच चिठ्ठ्या होत्या, छत्तीस वर्षांच्या. थोरल्या भावाच्या माघारी वहिनींनी घर सांभाळले आणि दुपारी खिडकीशी बसून दिराचे गिचमिड खर्डे सुवाच्य केले. प्रस्तावनेत कोशकारांनी ग्रंथपालाचे, कागदवाल्याचे, फार काय, चष्मेवाल्याचेही आभार मानले होते. वहिनी कुठेच नव्हत्या. त्यांना वगळले नव्हते. त्या सुचल्याच नव्हत्या.

आता एक कानाही हलणार नाही, असे छापखान्याच्या फोरमनने बजावले. कोशकारांनी हात जोडले, तिघा विद्वानांची नावे खोडली आणि त्या जागी चार ओळी लिहिल्या.

"शब्दोबा, तुमच्यापायी आमचं यंत्र म्हातारं होणार," फोरमन कुरकुरला. पण पान थांबले.

नवा कागद घेऊन ते घरी आले. वर्षभर वहिनींची स्मृती ओसरत चालली होती. एखाद्या बऱ्या दिवशीच त्या दिराला ओळखत. आज त्यांनी "भाऊजी, जेवलात का?" म्हणून विचारले आणि कोशकारांच्या जिवात जीव आला. खुर्ची जवळ ओढून त्यांनी वाचले: छत्तीस वर्षे या कोशातला शब्द न् शब्द माझ्या वहिनींनी आपल्या हाताने उतरवला, हे काम माझ्याइतकेच त्यांचे आहे.

वहिनींनी कान देऊन ऐकले.

"गुणी बाई दिसते. कोण हो ती?"

"तुम्हीच, वहिनी."

"चला, काहीतरीच. मला मेलीला कुठलं एवढं लिहायला येतंय?" त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "पण तिला वाचून दाखवा हो. बरं वाटेल तिला."

"दाखवतो," कोशकार म्हणाले.

जिने सारे केले आणि विसरली, तिचे चित्त निवांत राहो. ज्याला ते उशिरा उमगले, त्याला उरलेले दिवस सोसवोत.