खात नाही की जात नाही

विद्यापीठातल्या बाईंना आपल्या कानांचा भारी अभिमान. खाण्याचा आजार जडलेली माणसं तो कोणत्या शब्दांत सांगतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी गेलं वर्षभर त्या रुग्णालयाच्या जेवणघरात, अन्नाशी वैर धरलेल्या मुलींच्या टेबलाशी बसत होत्या. कुणी काय खाल्लं ते नर्स लिहायची, कुणी काय म्हटलं ते बाई. खोकला, उसासा, चमच्याचा आवाज, काही म्हणून सुटायचं नाही. "बाईंसमोर जांभईसुद्धा जपून द्या," अशी विभागात त्यांची थट्टा चाले.

आणि त्याच बाई आज तोंडघशी पडल्या. लेख पक्का करण्याआधी मुलींच्या सगळ्या ध्वनिमुद्रित मुलाखती पुन्हा ऐकायची त्यांची शिस्त होती. सगळ्यांत अबोल मुलीचा आवाज कानात सुरू झाला. कागदावर होतं 'खात नाही'. कानात येत होतं 'जात नाही'. त्यांनी चार वेळा मागे नेऊन ऐकलं. चारही वेळा 'ज'. दिवसभर खाणं खाणं करून कानांना दुसरं काही ऐकूच येईनासं झालं होतं.

"मूर्ख बाई!" त्या स्वतःलाच म्हणाल्या. मुलीच्या परवानगीने ते टिपण डॉक्टरांकडे गेलं होतं, आणि त्याच्याच आधारावर अकराच्या बैठकीत तिला घरी पाठवायचं ठरणार होतं. उगाच खाट अडवून बसलेली हट्टी मुलगी, असं तिचं नाव झालं होतं. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

बाई धापा टाकत बैठकीत शिरल्या, पण बोलल्या ठणठणीत. "टिपणात चूक आहे आणि ती माझी आहे."

मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "एका अक्षराने असं काय आभाळ कोसळतंय?"

"डॉक्टर, 'खात नाही' म्हणणारीशी आपण भांडतो. 'जात नाही' म्हणणारीला विचारतो, घास कुठे अडतो गं? पाच आठवड्यांत तिला हे कुणी विचारलं? मीसुद्धा नाही."

डॉक्टरांनी पेन उचललं. मग समोरच्या कागदावरची, तिला घरी पाठवायची ओळ खोडली. "राहू दे तिला. उद्यापासून मीच विचारायला बसतो."

मुलगी जेवणघरात ताटासमोर होती. बाईंनी काही न लपवता तिला सगळं सांगितलं. आता ही चिडणार, याची त्यांना खात्री होती, आणि चिडायचा तिला हक्कही होता.

मुलीने भलतंच विचारलं. "सगळ्यांसमोर म्हणालात, माझं चुकलं म्हणून?"

"हो."

"मग काय झालं?"

"काही नाही. डॉक्टरांनी चहा मागवला."

मुलीला हसू आलं. मग तिने ताट जरा जवळ ओढलं. "ताई, मी सुरू करते. पण मधेच नाही गेलं, तर तसंच लिहाल?"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या, आणि बैठकीत न डगमगलेला त्यांचा आवाज इथे मात्र भरून आला.