बारा व्होल्टची देवी

ज्या साली माझ्या वासंतीचं लग्न झालं, त्याच साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. लेक नांदेडला दिलेली. तिचं सासर बसल्या जागी परराज्यात गेलं. त्या डिसेंबरात हैदराबाद शहरातल्या जामबागेत एका धोंड्याभोवती तीनशे माणसं जमली होती.

हिम्मतराव कंत्राटदारांना तिथं इमारत बांधायची होती. मी त्यांचा ड्रायव्हर. लष्कराच्या मोडीतून आणलेल्या ट्रकच्या तोंडाला बॅटरीवर फिरणारा, दोर गुंडाळून ओझं ओढणारा विंच होता. त्याचा लोखंडी दोर धोंड्याला बांधून मी बटण दाबलं, की विंचकडे जाणारी विजेची तार तापून लाल व्हायची आणि पेट घ्यायची. तीनदा तसंच झालं.

मग आबासाहेब महाराज या बुवांना बोलावलं. त्यांनी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर तळहात ठेवले आणि हसले. "बघा, वीज मला चावत नाही. मग जाळ कुणाचा? धोंड्यात देवी आहे. तिला त्या बाईचा विटाळ झालाय."

ती बाई म्हणजे चतुराबाई, धोंड्याच्या आडोशाला झोपडी करून राहणारी विधवा. जागा सोडायला ती नकार देत होती. देवीची आणि हिम्मतरावांची अडचण नेमकी एकच निघाली.

पहिला दगड मारणाऱ्याला मी रोज नमस्कार करायचो. केस धरून तिला फरफटत धोंड्याशी आणलं. "लेकरांनो, मी केलं काय ते तरी सांगा," ती म्हणत होती. कुणीतरी पहार घातली. तिचं कपाळ फुटलं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

जवळच्या कोठी भागात मोटारींचं वायरिंग करणारा दस्तगीर मिस्त्री गर्दीत घुसला आणि त्यानं पहार हिसकावली. जळकी तार बघून म्हणाला, "ये तार कौन डाला?"

मीच. मूळची जाड तार उंदरांनी खाल्ली होती. घरातली दोनशेवीस व्होल्टची वीज ज्या तारेतून धावते तीच लावली. बॅटरीच्या बाराला ती पुष्कळ, असं मला वाटलं.

"उल्टा सोचे मियाँ. वोल्ट कम, तो उतनाच वजन खींचने कू करंट ज्यादा लगता. ज्यादा करंट कू मोटी तार होना." मग त्यानं स्वतःचे तळहात बॅटरीवर ठेवले. "बारा वोल्ट किसी कू बी नईं काटते. अब ये तार पकडो, महाराज."

तीनशे डोळ्यांच्या जोड्या बघत होत्या. महाराजांनी तार धरली. मी बटण दाबलं. त्यांच्या तळहाताची कातडी तारेला चिकटून राहिली.

दस्तगीरनं दुकानातून अंगठ्याएवढी जाड तार आणून जोडली. त्याच बॅटरीवर धोंडा उखडून बाजूला सरकला. खाली विंचू होते.

कुठली तार लावायची ते विंचच्या पाटीवर कोरलेलं होतं. मला वाचता येत नव्हतं. पन्नाशीनंतर अक्षरं गिरवली ती त्या पाटीपायी. वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो: जाळ दिसला तर आधी तार बघा, बाई शोधू नका.

चतुराबाई १४ डिसेंबर १९५६ रोजी दुपारी, दवाखान्यात नेताना, माझ्याच ट्रकमध्ये वारली.