वरवर उकरलेली माती

मी महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या आखाड्यातला एक जुना मलखांब आहे, मित्रांनो. गेल्या चैत्रात एका सकाळी चंपतराव वस्तादांनी नेहमीसारखं मला एरंडेल चोळलं. "म्हातारा झाला गा तू," असं म्हणून थोपटलं आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मग कधीच आले नाहीत.

मी सागाचा. वस्तादांनीच मला तासून गुळगुळीत केलं. माझ्याभोवतीची माती रोज पहाटे खोदून मऊ करावी लागे, नाहीतर पावलांनी दबून ती दगडासारखी होई. हे काम त्यांच्या मुलीचं, शामलाचं.

१९६८ साली एका सकाळी तिचा मॅट्रिकचा पेपर होता. तिने मातीवर नुसता लोखंडी दातांचा पंजा फिरवला. वरून ती खोदल्यासारखी दिसली.

"माती खोदली काय वं?" वस्तादांनी आत येत विचारलं.

"खोदली, बाबाजी."

तासाभराने कवडू माझ्या माथ्यावरून निसटला. गिरणीत काम करणारा, चांगला दणकट गडी. याआधी तो कितीदा तरी पडला होता आणि हसत उठला होता. त्या दिवशी मांडीचं हाड मोडलं. तो कायमचा लंगडा झाला. त्याच्या भावाने वस्तादांवर भरपाईचा दावा लावला.

निकाल वस्तादांच्या विरुद्ध लागला. त्या संध्याकाळी त्यांचे मित्र भैय्याजी माझ्या पायथ्याशी बसून तणतणत होते. "आपला वकील म्हणे, पडणं तर खेळातच आहे, कवडूले ठाऊक होतं. जज म्हणे, पडायचा धोका त्यानं पत्करला, कडक मातीचा नाही. ते पाहणं कोणाचं काम? अन् हे धर्मराज उभे राहून म्हणतात, माझं! काहून गा? पोरीचं नाव घेतलं असतं तर?"

"पोरीनं ‘खोदली’ म्हटलं," वस्ताद म्हणाले, "पण हात घालून पाहायचं काम वस्तादाचं. मी पाहिलं नाही. जज बरोबर बोलला."

चहा घेऊन आलेली शामला दारातच थबकली होती.

वस्तादांनी शिकवणं सोडलं. माती मात्र रोज स्वतः खोदत राहिले, कुणी पडणारं उरलं नव्हतं तरी. मुलीला त्यांनी कधी काही विचारलं नाही. मित्रांनो, ज्या जागेवर कुणी विश्वासाने अंग टाकणार आहे, ती हात घालून पाहत जा. डोळ्यांना ती मऊच दिसते.

वस्तादांची तेरवी झाल्यावर शामला एकटीच आली. त्या पेपराला पंधरा वर्षं झाली होती, तिचे केस अकाली पिकू लागले होते. तिने माझ्यावर तळवा ठेवला.

"बाबाजी," ती मोठ्याने म्हणाली, "त्या दिवशी माती मी खोदलीच नव्हती. खोटं बोलली मी तुमच्याशी."