सहाशेच्या पुढे

"एकीनं दुसरीच्या कामात डोकावायचं नाही. डोकावलात, की ते संशोधन राहिलं नाही, गप्पा झाल्या."

सरांचा हा आवाज चौदा वर्षांपूर्वीचा. प्रयोगशाळा म्हणायची ती खोली जिन्याखालची, वर कुणी धावत गेलं की चुना डोक्यावर पडायचा. मधोमध एक लोखंडी कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या अलीकडे एक मुलगी, पलीकडे दुसरी, दोघींपुढे एकेक धापा टाकणारा संगणक, आणि दोघींच्या मध्ये सरांचा आवाज. आज अलीकडची मुलगी चाळिशीला टेकली होती, नावामागे डॉक्टर लागलं होतं, आणि तो आवाज सकाळपासून कानाशी माशीसारखा घोंघावत होता. हाकलावा, तर परत तिथेच येऊन बसायचा.

घरात तिला सगळे डॉक्टरबाई म्हणत. मानानं नव्हे, चेष्टेनं. समाजमाध्यमांवर माणसं एकमेकांशी कशी जोडली जातात, तुटतात, कुणाचं बोलणं कुठवर जातं, यावर ती डॉक्टर झाली होती. आणि हे ज्याला ज्याला कळलं, त्यानं आपला फोन तिच्या हातात ठेवला होता.

"अगं, तू यातलीच डॉक्टर ना?" सासूबाईंचा ठरलेला प्रश्न. "मग माझा फोटो आडवा का दिसतो ते सांग."

"आई, मी फोटोची डॉक्टर नाही हो."

"मग कशाची?"

याचं उत्तर इतक्या वर्षांत तिला एका वाक्यात देता आलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरचं बरं असतं. लोक तोंड उघडतात, पण प्रश्न विचारत नाहीत.

खरं तर उत्तर होतं, आणि ते एका शोधनिबंधात होतं. त्या वर्षी एका मोठ्या संकेतस्थळावरची तीन हजार खाती तिनं निवडली होती. आपोआप मजकूर टाकणाऱ्या यंत्रांचा तेव्हा सुळसुळाट झाला होता, आणि खरी माणसं किती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिनं नियम बांधला. तेच वाक्य, त्याच वेळी, आणि कुणाशीही बोलणं नाही, तर ते खातं यंत्राचं. बाकी माणसाचं. दोघींनी वेगवेगळं वाचायचं, प्रत्येक खात्यावर 'माणूस' किंवा 'यंत्र' असा शिक्का मारायचा, आणि शेवटी दोघींचे शिक्के जुळवायचे. जितके जुळतील तितका नियम पक्का.

शंभरात चौऱ्याण्णव जुळले. सरांनी चष्मा काढून परत घातला. तो आकडा पाहून लोकांनी तिचा नियम उचलला, देशोदेशी त्याच चाळणीनं खाती चाळली गेली, आणि चाळणीबरोबर तीही वर आली. नोकरी लागली, खिडकीची खोली मिळाली, परिषदांना बोलावणी आली. कपाटापलीकडच्या मैत्रिणीनं, बुटकीनं, मात्र संशोधनाला रामराम ठोकला आणि चष्म्याचं दुकान काढलं. पण जाता जाता आपला भाऊ मैत्रिणीला देऊन टाकला, असं लग्नात सगळे म्हणाले. तेव्हापासून बुटकी तिची नणंद.

आणि आता हे पत्र. दूरच्या एका विद्यापीठातल्या तरुण संशोधिकेनं तीच तीन हजार खाती काढून तोच नियम लावला होता. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या जोड्या बसवून. एकाही जोडीचे शिक्के शंभरात एकाहत्तरच्या वर जुळले नव्हते. 'आपल्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, मूळ तक्ते पाहायला मिळतील का?' असं तिनं लिहिलं होतं. त्या आदरानंच डॉक्टरबाईंच्या डोक्याला झिणझिण्या आल्या. पाठोपाठ संपादकांचं पत्र. महिनाअखेर खुलासा करा, नाहीतर निबंध मागे घ्यावा लागेल. पुढच्या महिन्यात दहा तारखेला प्राध्यापकपदाची मुलाखत होती, आणि अर्जाच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत तोच निबंध होता.

सर निवृत्त होऊन बागकाम करत होते. तिनं फोन लावला.

"अगं, लिही की काळ बदलला. लोकांची भाषा बदलली."

"सर, खाती तीच आहेत. मजकूर चौदा वर्षांपूर्वीचाच आहे. तो कसा बदलेल?"

"मग वाचणाऱ्यांची नजर बदलली म्हण. आणि ती दुसरी मुलगी आता संपर्कात नाही म्हणावं."

"सर, ती माझी नणंद आहे. दर रविवारी आमच्याकडे जेवायला असते."

"ते कशाला लिहायचंय?" सर म्हणाले, आणि पाइपचं पाणी कुठेतरी भलतीकडे गेलं म्हणून घाईनं फोन ठेवला.

तेव्हा तिनं जे चौदा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. दोन्ही मूळ तक्ते उघडले. आकडा इतका देखणा होता, की त्याच्या पोटात काय आहे हे बघावंसं कुणाला वाटलंच नव्हतं. तिलाही नाही.

आधी स्वतःचा तक्ता. एक हजार सातशे एकतिसाव्या ओळीपाशी तिची चूक सापडली. त्या दिवशी पेंगत असावी. एक ओळ सुटली होती, आणि तिथून पुढे सगळे शिक्के एकेक घर खाली सरकले होते. दर तीन मिनिटांनी वजन कमी करायच्या गोळ्या विकणारं खातं माणूस ठरलं होतं, आणि उसनी नेलेली छत्री परत दिली नाही म्हणून बहिणीशी भांडणारी बाई यंत्र ठरली होती. पुढे त्रेचाळीस ओळींनी गाडी रुळावर आली होती. असो. दमलेल्या माणसाच्या हातून होतं.

मग बुटकीचा तक्ता. तिथेही गोळ्यावाला माणूस होता. तिथेही छत्रीवाली यंत्र होती. तिथेही सगळं एक घर सरकलेलं, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी, आणि त्याच ओळीवर परत जाग्यावर आलेलं. तिनं वरून खालपर्यंत दोन्ही तक्ते शेजारी लावून पाहिले. सहाशे एकपासून शेवटपर्यंत एका शिक्क्याचाही फरक नव्हता. आणि पहिल्या सहाशेत? शंभरात सत्तर. ती पोरगी म्हणत होती जवळजवळ तेवढेच.

चार वाजता त्याच पोरीचा फोन येणार होता. डॉक्टरबाईंनी ती पानं छापून घेतली आणि तीन वाजता नणंदेचं दुकान गाठलं.

बुटकी एका आजोबांचे डोळे तपासत होती. "खालून दुसरी ओळ वाचा, काका."

"कुठली खालची? तुमची की माझी?"

"वहिनी, बस. तू अशी दारात उभी राहिलीस की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"बसलीच आहेस."

आजोबांना नवी काच धूसर वाटत होती, जुनी जड वाटत होती, आणि तिसरी बरी वाटत होती, पण तिची चौकट सुनेला आवडली नसती. पंचवीस मिनिटं गेली. डॉक्टरबाई भिंतीवरच्या लहान होत जाणाऱ्या अक्षरांकडे बघत दात आवळून बसून राहिल्या. शेवटी आजोबा सुनेला विचारायला गेले, आणि डॉक्टरबाईंनी पानं काउंटरवर पसरली.

"तू माझं बघून लिहिलंस."

बुटकीनं पानं पाहिली. बराच वेळ पाहिली. "चहा सांगू?"

"नको."

"चौदा वर्षं झाली गं. मला कालचं आठवत नाही."

"कालचं तुला चांगलं आठवतं. काल मी भाजीत मीठ विसरले, ते तू सकाळी तिघींना फोन करून सांगितलंस."

"दोघींना. तिसरीनं उचलला नाही."

"बुटके, मी भांडायला आले नाही."

"मग आवाज खाली घे. शेजारी औषधाचं दुकान आहे, ते सगळं ऐकतात."

"मला फक्त का ते सांग. कंटाळा आला होता? कुठं जायचं होतं? मी तुझ्या भरवशावर चौदा वर्षं जगभर मिरवले. दहा तारखेला मला पाच माणसांपुढे बसायचंय. निदान माझ्या पायाखाली काय आहे ते तरी मला कळू दे."

बुटकी एक स्वच्छ काच फडक्यानं पुसत राहिली. पुसून झाली की उजेडात धरायची, आणि परत पुसायची. गप्प बसायला सुरुवात केली की ही नणंद भिंतीला हरवेल, हे तिच्या भावानं लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं.

बरोबर चारला फोन वाजला. डॉक्टरबाईंनी तो काउंटरवर ठेवला आणि दोघींना ऐकू येईल असा केला. आवाज अगदी कोवळा होता, आणि थोडा घाबरलेला.

"नमस्कार मॅडम. मी पहिल्या वर्षाला असताना तुमचा निबंध वाचूनच या विषयाकडे वळले. म्हणून मला हे विचारताना फार अवघड वाटतंय."

"वाटू देऊ नका. असं आहे, की काळानुसार वाचणाऱ्यांची नजर..." डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या. वाक्य सरांचं होतं, त्यांच्या तोंडात ते मावत नव्हतं.

"हो मॅडम, तसंही असेल. माझा एकच प्रश्न आहे. तुमच्याबरोबर शिक्के मारणाऱ्या दुसऱ्या कोण होत्या? आता संपर्क नसेल तर मी तेवढं लिहीन. मग पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही."

वाट अशी मोकळी करून दिली होती. संपर्क नाही, एवढे दोन शब्द. मग महिनाअखेर, मग दहा तारीख, मग ती खुर्ची. बुटकी समोरून मान हलवत होती, नको, नको. आणि डॉक्टरबाईंना एकदम सगळ्याचा वीट आला. सरांचा, संपादकांचा, त्या आदराचा, लोकांच्या आडव्या फोटोंचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडात घोळणाऱ्या त्या दोन शब्दांचा.

"संपर्क आहे," त्या म्हणाल्या. "ती माझ्यासमोर बसली आहे. माझी नणंद आहे."

बुटकीनं वहिनीकडे असं पाहिलं, जणू कुणी भर रस्त्यात तिचा हात सोडून दिला होता. मग तिनं काच खाली ठेवली, फडक्याची घडी घातली.

"दुसरी मी," ती फोनकडे वाकून म्हणाली. "मी सहाशेच खाती पाहिली. पुढची चोवीसशे हिच्या संगणकावरून उतरवून घेतली, ही जेवायला गेली होती तेव्हा."

"का, ते सांगाल?" पलीकडून हळूच विचारलं.

बुटकी फोनशी बोलायची थांबली. ती वहिनीकडे वळली.

"एक खातं होतं. रोज संध्याकाळी सव्वासातला एक ओळ. 'आलो घरी.' तीन वर्षं तेवढंच. खाली कुणाचं काही नाही, यानं कुणाला काही लिहिलेलं नाही. तुझ्या नियमानं ते यंत्र, आणि मी तसा शिक्काही मारला. घरी जायला निघाले, पिशवी खांद्याला लावली, आणि परत बसले. कुणाला काही लिहायचं नाही असा सरांचा दम होता. तरी मी त्याच्या खाली लिहिलं, 'जेवलात का?'"

"मग?"

"पाच मिनिटांत उत्तर आलं. 'अजून नाही. आपण कोण?'" तिनं फडक्याची घडी परत मोडली. "मग मला पुढे कुणालाच यंत्र म्हणून लिहवेना. तुझा नियमच चुकलाय हे मला त्या संध्याकाळी कळलं होतं, वहिनी. आठ दिवसांवर तुझी निबंध द्यायची तारीख होती, म्हणून तेव्हा नाही सांगितलं. आणि मग तू इतकी खूश होतीस, की नंतरही नाही सांगितलं."